मूत्रपिंडविकार आणि धर्मादाय साहाय्य (शिरूर व दौंड तालुके)

मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकाराने ग्रस्त असलेल्या रुग्णांना व त्यांच्या कुटुंबांना व्यक्ती, विश्वस्त संस्था, देवस्थाने, उद्योग आणि समाजगट यांच्याकडून पैसा, वस्तू, श्रम वा अवयव या रूपाने मिळणारी मदत म्हणजे या क्षेत्रातील धर्मादाय साहाय्य होय. प्रस्तुत लेखात या साहाय्याचे स्वरूप पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या संदर्भात मांडले आहे. महाराष्ट्रात डायलिसिस व मूत्रपिंड प्रत्यारोपण यांच्या खर्चाचा मोठा भाग शासकीय आरोग्य योजनेतून भागू शकतो. परंतु वारंवारचा प्रवास, बुडालेली मजुरी, सोबत्याचा वेळ, नित्याची औषधे आणि पथ्याचा आहार यांचा भार मुख्यतः कुटुंबावरच पडतो. मोठ्या रुग्णालयांपासून दूर असलेल्या ग्रामीण तालुक्यांत धर्मादाय साहाय्याची खरी गरज या रुग्णालयाबाहेरच्या खर्चासाठी असते.

वैद्यकीय पार्श्वभूमी

मानवी शरीरात पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक मूत्रपिंड असते. रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी मूत्रावाटे बाहेर टाकणे, क्षारांचा समतोल राखणे, रक्तदाबाचे नियमन करणे आणि तांबड्या रक्तपेशींच्या निर्मितीस आवश्यक असे संप्रेरक तयार करणे ही त्याची मुख्य कामे होत. मधुमेह व उच्च रक्तदाब ही मूत्रपिंड कायमचे निकामी होण्याची प्रमुख कारणे आहेत. मूत्रपिंडाचा दाह, मूतखड्यामुळे होणारा दीर्घकालीन अडथळा, आनुवंशिक विकार आणि वेदनाशामक औषधांचे दीर्घकाळ अनिर्बंध सेवन यांमुळेही मूत्रपिंडांस इजा पोहोचते.

हा विकार बहुधा मुकाट्याने वाढतो. पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, थकवा, भूक मंदावणे, मळमळ, धाप लागणे ही लक्षणे दिसू लागेपर्यंत मूत्रपिंडांची बरीच कार्यशक्ती नष्ट झालेली असते. अंतिम अवस्थेत रुग्णापुढे प्रत्यारोपण किंवा डायलिसिस हे दोन मार्ग उरतात.

रक्त यंत्रावाटे शुद्ध करण्याच्या पद्धतीस हीमोडायलिसिस म्हणतात. सामान्यतः आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास हा उपचार घ्यावा लागतो. म्हणजेच वर्षाकाठी १०४ ते १५६ वेळा रुग्णास केंद्रावर जावे लागते आणि प्रत्यारोपण न झाल्यास हा क्रम आयुष्यभर चालतो. एखादी शस्त्रक्रिया एकदा होऊन जाते. तिच्यासाठी कर्ज काढता येते, दागिना गहाण टाकता येतो, गावात वर्गणी जमविता येते. डायलिसिसचा खर्च मात्र दर आठवड्यास नव्याने उभा राहतो. म्हणून या आजारात एकरकमी मदतीपेक्षा नियमित मदतीचे महत्त्व अधिक आहे.

केंद्र शासनाच्या २०१६-१७ च्या अर्थसंकल्पीय भाषणात या प्रश्नाचा स्वतंत्र उल्लेख करण्यात आला होता. देशात दरवर्षी अंतिम अवस्थेतील मूत्रपिंडविकाराच्या सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, एका डायलिसिसला सुमारे २,००० रुपये म्हणजे वर्षाला ३ लाखांहून अधिक रुपये लागतात, आणि त्याशिवाय दूरच्या प्रवासाचा खर्च व बुडालेली मजुरी कुटुंबास सोसावी लागते, असे त्यात नमूद होते. त्याच भाषणात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली.

शिरूर व दौंड तालुके

शिरूर, म्हणजेच घोडनदी, हे तालुक्याचे गाव घोड नदीच्या काठी पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) महामार्गावर वसले आहे. दौंड हे भीमा नदीकाठचे शहर असून पुणे–सोलापूर लोहमार्गावरील महत्त्वाचे जंक्शन आहे. येथून मनमाड व बारामतीकडे फाटे जातात. दोन्ही शहरे पुण्यापासून सुमारे ७० ते ८० किलोमीटर अंतरावर आहेत. न्हावरे–चौफुला रस्त्याने हे दोन तालुके एकमेकांस जोडले गेले आहेत.

दोन्ही तालुक्यांत नदी व कालव्यांच्या पाण्यावर ऊस पिकतो, तर शिरूरच्या पश्चिमेकडील पाबळ परिसरासारख्या भागास पाणीटंचाईची झळ बसत आली आहे. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. दौंड येथे रेल्वेचे कर्मचारी व राज्य राखीव पोलीस दलाची ठाणी आहेत.

या रचनेमुळे एकाच आजाराचा भार वेगवेगळ्या घरांवर वेगवेगळा पडतो. रेल्वे किंवा पोलीस दलातील कर्मचाऱ्यास सेवेशी निगडित वैद्यकीय सुविधा मिळते. कारखान्यातील विमाधारक कामगारास राज्य कर्मचारी विम्याचा आधार असतो. अल्पभूधारक शेतकरी, शेतमजूर, ऊसतोड कामगार, हातगाडीवाले आणि छोटे दुकानदार यांच्यामागे असा आधार नसतो. शासकीय योजना आणि धर्मादाय साहाय्य यांची गरज मुख्यतः या वर्गास भासते.

कुटुंबावर होणारे परिणाम

शिरूर किंवा दौंड येथून पुण्यातील रुग्णालयात आठवड्यातून दोनदा उपचारास जाणाऱ्या रुग्णाचा, एका बाजूचे अंतर ७० किलोमीटर धरल्यास, आठवड्याला २८० किलोमीटर आणि वर्षाला १४,५०० किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. तालुक्याच्या टोकाच्या गावातून येणाऱ्यास यात आणखी एका टप्प्याची भर पडते. उपचाराचे चार तास, प्रवास, केंद्रावरील प्रतीक्षा व उपचारानंतरची ग्लानी यांत पूर्ण दिवस जातो. रुग्णासोबत बहुधा घरचे माणूस असते. त्यामुळे आठवड्यातून दोन उपचार असले, तरी घराचे चार दिवसांचे श्रम बुडतात.

रुग्ण कर्ता पुरुष असेल तर उत्पन्न आटते आणि पत्नीवर शेतीची, घराची व शुश्रूषेची अशी तिहेरी जबाबदारी येते. रुग्ण स्त्री असेल तर तिचे दुखणे अंगावर काढले जाण्याची व उपचार उशिरा सुरू होण्याची शक्यता वाढते. मुलांच्या शिक्षणावरही परिणाम होतो. विशेषतः मोठ्या मुलास वा मुलीस सोबत म्हणून जावे लागल्यास शाळा-महाविद्यालयातील उपस्थिती खंडित होते. जनावरे विकणे, जमीन गहाण ठेवणे, सावकारी कर्ज घेणे हे पुढचे टप्पे होत.

खर्चाच्या ओझ्यामुळे काही रुग्ण ठरलेल्या डायलिसिसपैकी एखादे टाळतात. तसे केल्यास शरीरात पाणी व पोटॅशियम साठून श्वासास त्रास होतो, हृदयाची लय बिघडते आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. एक खेप चुकू न देणे हा जीवनमरणाचा प्रश्न असल्याने बसभाड्याएवढी लहान मदतही येथे उपचाराचाच भाग ठरते.

शासकीय योजनांची चौकट

धर्मादाय साहाय्य नेमके कोठे लागते हे समजण्यासाठी शासकीय योजनांची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. महाराष्ट्र शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली व २१ नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली. १ एप्रिल २०१७ पासून तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. डायलिसिस व मूत्रपिंड प्रत्यारोपण या दोन्हींचा तीत समावेश आहे. २०२३ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार योजनेचा विस्तार होऊन प्रति कुटुंब प्रति वर्ष आरोग्य संरक्षण ५ लाख रुपये करण्यात आले आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २.५ लाखांवरून ४.५ लाख रुपये झाली. योजनेचा लाभ अंगीकृत रुग्णालयांतच मिळतो.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाद्वारे सार्वजनिक रुग्णालयांत, बहुतांशी सार्वजनिक-खासगी भागीदारीतून, गरीब रुग्णांसाठी विनामूल्य डायलिसिसची व्यवस्था करण्यात येते. २०१९ मध्ये या कार्यक्रमात पेरिटोनियल डायलिसिसचाही समावेश करण्यात आला.

प्रवासासाठीही सवलती आहेत. राज्य परिवहन महामंडळाच्या (एसटी) सवलतधारकांच्या यादीत डायलिसिसचे रुग्ण समाविष्ट आहेत. डायलिसिससाठी किंवा प्रत्यारोपणासाठी प्रवास करणाऱ्या रुग्णास व त्याच्या एका सोबत्यास भारतीय रेल्वे द्वितीय श्रेणी व शयनयान वर्गात ७५ टक्के सवलत देते. त्यासाठी रुग्णालयाने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र सादर करावे लागते. दौंडसारख्या जंक्शनच्या परिसरातील रुग्णांस ही सवलत विशेष उपयोगी आहे.

धर्मादाय साहाय्याचे प्रकार

धर्मादाय रुग्णालये

पुण्यातील आरोग्यसेवेचा पाया बऱ्याच अंशी दानातून घातला गेला. १८६७ मध्ये सुरू झालेले ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले. आज ते शासकीय रुग्णालय असून जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील गरीब रुग्णांचा मोठा आधार आहे.

विश्वस्त संस्थांनी चालविलेल्या रुग्णालयांवर कायद्याने काही दायित्वे घातली आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१कक नुसार मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून राज्यात लागू आहे. तीनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. तसेच एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. रुग्णाची पात्रता तहसीलदारांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका इत्यादी कागदपत्रांवरून ठरते. उत्पन्नमर्यादा वेळोवेळी सुधारण्यात येते. पुण्यातील केईएम रुग्णालय, रुबी हॉल क्लिनिक, दीनानाथ मंगेशकर रुग्णालय आदी मोठी रुग्णालये विश्वस्त संस्थांची आहेत.

शिरूरच्या रुग्णांस अहिल्यानगरचा मार्गही मोकळा असतो. तेथील जैन सोशल फेडरेशनचे आनंदऋषीजी हॉस्पिटल समाजाच्या देणग्यांतून उभे राहिलेले असून सवलतीच्या दरातील उपचारांसाठी ओळखले जाते. दौंडच्या पूर्व व दक्षिण भागातील रुग्णांस बारामती येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय पुण्यापेक्षा जवळ पडते.

देवस्थाने व गणेशोत्सव मंडळे

भाविकांनी वाहिलेल्या दानाचा काही भाग आरोग्यसेवेकडे वळविण्याची परंपरा महाराष्ट्रात रुजली आहे. मुंबईतील प्रभादेवी येथील श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यास गरजू रुग्णांना वैद्यकीय साहाय्य देतो व डायलिसिस केंद्र चालवितो. लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचे डायलिसिस केंद्रही अत्यल्प दरात सेवा देते. शिर्डीच्या श्री साईबाबा संस्थानाची रुग्णालये मोफत वा सवलतीच्या उपचारांसाठी राज्यभर परिचित आहेत. पुण्यातील श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्ट ससून रुग्णालयातील रुग्णांच्या भोजनाची सेवा चालवितो.

या उपक्रमांत दानपेटीतील किंवा वर्गणीतील अनेक लहान रकमांचे रूपांतर कायम चालणाऱ्या सेवेत होते. एखादा दाता आटला तरी सेवा थांबत नाही, हा या व्यवस्थेचा मोठा गुण होय.

साहाय्यता निधी

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी जानेवारी १९४८ मध्ये स्थापन झाला. तो पूर्णतः जनतेच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासारख्या खर्चिक उपचारांसाठी अंशतः साहाय्य करतो. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या वैद्यकीय कक्षाकडून प्रत्यारोपण व डायलिसिस या दोन्हींसाठी मदत मिळू शकते. अशी रक्कम रुग्णाच्या हाती न देता थेट रुग्णालयाकडे वर्ग केली जाते. काही जिल्हा परिषदा दुर्धर आजारांच्या रुग्णांसाठी स्वनिधीतून तरतूद करतात.

उद्योगांचे सामाजिक दायित्व

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार विशिष्ट आर्थिक निकषांत बसणाऱ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आली. आरोग्यसेवा हा त्यातील मान्य विषय असून कंपनीच्या कार्यक्षेत्राच्या परिसरास प्राधान्य द्यावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे शिरूर व दौंड तालुके या निधीच्या स्वाभाविक कक्षेत येतात. यंत्रसामग्री, जलशुद्धीकरण संच, रुग्णवाहिका व तपासणी शिबिरे हे अशा निधीच्या विनियोगाचे नेहमीचे प्रकार होत. रोटरी व लायन्स यांसारख्या सेवासंस्थाही डायलिसिस यंत्रे देण्याच्या उपक्रमांत सहभागी असतात.

गावपातळीवरील मदत

ग्रामीण समाजातील पुष्कळशी मदत कोणत्याही नोंदवहीत येत नाही. भावकी, शेजारी, वर्गमित्र, शिक्षक, भजनी मंडळ व पतसंस्थेचे सभासद मिळून वर्गणी काढतात. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात दशक्रियेच्या वेळी मृताच्या स्मरणार्थ शाळा, मंदिर वा सामाजिक संस्थेस देणगी जाहीर करण्याची प्रथा आहे. एका रुग्णाच्या काही महिन्यांच्या प्रवासखर्चाची किंवा औषधांची जबाबदारी अशा स्मृतिदानातून उचलता येते.

श्रमाचे दानही तितकेच मोलाचे असते. शेतकऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबण्याच्या पद्धतीस सावड म्हणतात. ज्या घरचे दोन माणसांचे श्रम दर आठवड्यास रुग्णालयात खर्ची पडतात, त्या घरास पेरणी, खुरपणी वा काढणीच्या दिवसांत मिळालेला शेजाऱ्यांचा हात रोख रकमेपेक्षा अधिक उपयोगी ठरतो. धारा काढणे, मुलांना शाळेतून आणणे, रुग्णास दुचाकीवरून बसथांब्यापर्यंत पोहोचविणे ही कामेही याच प्रकारात मोडतात.

आपुलकीने दिलेली भेट या आजारात अपायकारकही ठरू शकते. आजाऱ्यास भेटावयास जाताना शहाळे, केळी, मोसंबी नेण्याची रीत सर्वत्र आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साठत असल्याने हे पदार्थ त्यास धोकादायक असतात. लोणचे, पापड यांसारखे खारट पदार्थ तहान व सूज वाढवितात. डायलिसिसमध्ये प्रथिनांचा ऱ्हास होत असल्याने वैद्यकीय सल्ल्यानुसार पुरेशी प्रथिने मात्र आवश्यक असतात. म्हणून पथ्य समजून घेऊन दिलेला शिधा हीच अशा घरास योग्य भेट होय.

डायलिसिस केंद्र चालविण्यासाठी लागणारी साधने

तालुक्याच्या ठिकाणी डायलिसिसची सोय झाल्यास रुग्णाच्या प्रवासाचा मोठा भाग वाचतो. म्हणून दात्यांचा ओढा यंत्र भेट देण्याकडे असतो. तथापि यंत्र हा केंद्राचा एक घटक आहे. एका डायलिसिससाठी साधारणतः मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने चार तासांत सुमारे १२० लिटर डायलिसिस द्राव लागतो. तो अत्यंत शुद्ध पाण्यापासून बनवावा लागत असल्याने जलशुद्धीकरण संच अपरिहार्य असतो आणि शुद्धीकरणात वाया जाणारे पाणी धरता प्रत्यक्ष गरज याहून जास्त असते. पाणीटंचाईच्या वा क्षारयुक्त पाण्याच्या भागात ही अट कठीण ठरते. याशिवाय अखंड वीज, जनित्र, प्रशिक्षित तंत्रज्ञ व परिचारिका, मूत्रपिंडरोगतज्ज्ञांची नियमित देखरेख, रक्तगाळणी व नळ्या आणि यंत्राची वार्षिक देखभाल यांची गरज असते. कावीळ ब व क यांचा संसर्ग पसरू नये म्हणून बाधित रुग्णांसाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवावी लागते.

यंत्राचे दान एकदाच करावयाचे असते. तंत्रज्ञाचे वेतन मात्र दरमहा द्यावे लागते. त्याची तरतूद नसल्यास यंत्र पडून राहते. त्यामुळे यंत्रासोबत काही वर्षांच्या परिचालन खर्चाची हमी देणे हे दीर्घकाळ टिकणाऱ्या दानाचे लक्षण मानले जाते.

पेरिटोनियल डायलिसिसमध्ये पोटाच्या पोकळीत नळीवाटे द्राव सोडून ठरावीक वेळाने तो बदलला जातो. हा उपचार घरी घेता येत असल्याने दूरच्या खेड्यातील रुग्णाची वारंवारची खेप वाचते. मात्र स्वच्छ जागा, प्रशिक्षण व द्रावाच्या पिशव्यांचा अखंड पुरवठा आवश्यक असतो. निष्काळजीपणा झाल्यास पोटातील आवरणास जंतुसंसर्ग होतो. घरातील एका खोलीची फरशी, हात धुण्याची सोय किंवा पिशव्यांची वाहतूक यांसाठी दिलेली मदत या पद्धतीस पूरक ठरते.

रक्तदान व अवयवदान

मूत्रपिंडविकारात रक्तक्षय सर्रास आढळतो. त्यावर इंजेक्शने व लोह दिले जाते आणि काही प्रसंगी रक्त द्यावे लागते. त्यामुळे गणेशोत्सव, शिवजयंती वा पुण्यतिथीनिमित्त होणाऱ्या रक्तदान शिबिरांचा लाभ या रुग्णांसही होतो.

प्रत्यारोपण हा डायलिसिसपेक्षा अधिक चांगले जीवनमान देणारा उपचार आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ महाराष्ट्रात ४ फेब्रुवारी १९९५ पासून अंमलात आला. पती-पत्नी, आईवडील, मुले व भावंडे हे निकटचे नातेवाईक म्हणून मूत्रपिंड देऊ शकतात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडांचाही त्यात समावेश झाला आणि दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदल करण्यास मान्यता मिळाली. अवयवांची खरेदी-विक्री हा गंभीर गुन्हा आहे. भारतात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे.

मस्तिष्कस्तंभ मृत्यू झालेल्या व्यक्तीच्या नातेवाइकांनी संमती दिल्यास तिची दोन मूत्रपिंडे दोन रुग्णांस जीवदान देऊ शकतात. पुणे विभागात अशा अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीनुसार होते.

प्रत्यारोपणानंतर खर्च संपत नाही. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती नियंत्रित करणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. पैशाअभावी ती थांबविल्यास प्रत्यारोपित मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेसाठी सहज उभा राहणारा निधी पुढील औषधांसाठी मिळेनासा होतो, ही धर्मादाय साहाय्यातील ठळक उणीव आहे. जिवंत दात्याची नियमित तपासणी व विश्रांतीच्या काळातील बुडीत उत्पन्न याकडेही क्वचितच लक्ष दिले जाते.

मर्यादा व आक्षेप

धर्मादाय साहाय्याविषयी काही आक्षेप घेतले जातात. जे कुटुंब बोलके, शिकलेले किंवा ओळखीपाळखीचे आहे त्याच्यापर्यंत मदत लवकर पोहोचते. आडगावच्या निरक्षर रुग्णास योजनेचे नावही ठाऊक नसते. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेतील नावाची दुरुस्ती, आधार जोडणी अशा कामांसाठी तहसील कचेरीत घालावे लागणारे हेलपाटे आजारी माणसास झेपत नाहीत. अर्ज भरून देणारा स्वयंसेवक किंवा रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक यांचे साहाय्य येथे निर्णायक ठरते. त्यास फारसा पैसा लागत नाही, परंतु त्यातून मोठ्या रकमेच्या लाभाचे दार उघडते.

मदत देताना रुग्णाचे छायाचित्र काढून प्रसिद्धी करण्याच्या पद्धतीमुळे कुटुंबाच्या प्रतिष्ठेस धक्का बसतो. विवाहयोग्य मुले-मुली असलेली घरे या भीतीने आजार लपवितात. समाजमाध्यमांवरून निधी उभारताना जुनी वा खोटी आवाहने फिरत असल्याने रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा करणे अधिक सुरक्षित समजले जाते. नोंदणीकृत संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली असतात. पात्र संस्थांस दिलेल्या देणगीवर प्राप्तिकर कायद्यात वजावटीची तरतूद असून २,००० रुपयांवरील रोख देणगीस ती लागू होत नाही.

आरोग्यसेवा हा नागरिकाचा हक्क असून तो दात्याच्या इच्छेवर अवलंबून नसावा, असाही एक विचार मांडला जातो. दान हे शासनाच्या जबाबदारीस पर्याय ठरू नये, मात्र योजनांच्या सीमेबाहेर राहणाऱ्या गरजा त्यातून भागाव्यात, अशी मध्यम भूमिका या विषयात घेतली जाते.

प्रतिबंध

मूत्रपिंडविकार लवकर लक्षात आल्यास त्याची वाढ मंदावता येते. रक्तदाब व रक्तशर्करा मोजणे, लघवीतील प्रथिनांची चाचणी आणि रक्तातील क्रिएटिनिनचे मापन या साध्या तपासण्यांवरून प्राथमिक अंदाज येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांत व आरोग्य शिबिरांत त्यांपैकी बऱ्याच तपासण्या होऊ शकतात. मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी साजरा होणारा जागतिक मूत्रपिंड दिन २००६ पासून या जागृतीस वाहिलेला आहे.

मध्य अमेरिकेतील ऊसमजुरांत व आंध्र प्रदेशातील उद्दानम परिसरात मधुमेह वा उच्च रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडविकाराचे प्रमाण मोठे असल्याचे आढळले आहे. ऊसमजुरांच्या बाबतीत उन्हातील अतिश्रम व शरीरातील पाणी कमी होणे यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. ऊसपट्ट्यातील तोडणी कामगारांसाठी पिण्याचे पाणी, सावली, विश्रांती व नियमित तपासणी यांची सोय करणे हे या दृष्टीने प्रतिबंधात्मक दान ठरते.

शिबिरात दोष आढळलेल्या व्यक्तीचा पुढे पाठपुरावा झाला नाही तर तपासणीचा उपयोग होत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या वर्षभर नियमित मिळाव्यात यासाठी केलेला अल्प खर्च पुढे कित्येक वर्षांच्या डायलिसिसची पाळी टाळू शकतो. तरीही यंत्र वा शस्त्रक्रियेच्या तुलनेत हे दान डोळ्यांत भरत नाही आणि म्हणूनच दात्यांकडून ते बहुधा दुर्लक्षित राहते.